पश्चिमेच्या तीन खिडक्या

"हे कापड जरा बाहेर उन्हात धरा," मामाजी दुकानदाराला म्हणाले.

दुकानदाराने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सकाळचे साडेअकरा वाजले होते. अकोल्यातलं ऊन, त्यात एप्रिल संपत आलेला, आणि दुकानाच्या पायरीपलीकडे रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं.

"उन्हात कायले काका? पडदा घरात लावायचा हाये ना तुमाले?"

"धरा तर."

तो बिचारा मरून रंगाच्या मखमलीचा तागा घेऊन पायरीवर उभा राहिला. मामाजींनी पिशवीतून लाकडी पट्टीवरचं थर्मामीटर काढलं, कापडाच्या मागे धरलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, सदऱ्याच्या खिशात ऊन लागू नये म्हणून ठेवलेला कांदा. मी आत पंख्याखाली, कडेवर दीड वर्षाची ओवी.

"तुमचे वडील का?" गल्ल्यावरच्या माणसाने हळूच विचारलं.

"सासरे."

त्याने माझ्यासाठी थंड पाणी मागवलं.

दोन मिनिटांनी मामाजी आत आले. "एकेचाळीस. रंग झकास हाये, पन याच्यानं नुसता अंधार होईन, गारवा नाही होनार. तरी एका खिडकीपुरतं द्या. तोंडानं बोलून काय फायदा, लावून पाहू."

आठ मीटर कापड खपेल म्हणून घाम गाळलेल्या दुकानदाराने अडीच मीटर कापून दिलं. परत येताना रिक्षात मामाजी म्हणाले, "चांगला मानूस होता. चहा नाही पाजला, पन चांगला होता."

वऱ्हाडात सासऱ्यांना मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मी साताऱ्याची, मला ते अंगवळणी पडायला वर्ष लागलं. माझे मामाजी, पुंडलिकराव म्हैसने, वीज खात्यात एकतीस वर्षं मीटर रीडर होते. सायकलवर हिंडून त्यांनी अर्ध्या अकोल्याची मीटरं वाचली. दार बंद असलं की 'अंदाजे' असा शेरा मारून पुढचं घर गाठायची मुभा होती, पण मामाजींनी तो शेरा कधी मारला नाही. एका बंगल्याच्या फाटकात कुत्रा चावला, तर दुसऱ्या दिवशी पायाला पट्टी बांधून त्याच फाटकात हजर, कारण आकडा राहिला होता. आत्याबाई म्हणायच्या, "यायले अंदाज चालत नाही. पोया किती करू इचारलं, तर आधी भूक मोजतात."

अशा माणसाशी मी पैज लावून बसले होते.

त्याचं असं झालं. आदल्या उन्हाळ्यात आत्याबाईंना ऊन लागलं होतं. बाहेर नव्हे, घरातच. दुपारी माजघरात धान्य निवडता निवडता त्या कलंडल्या, आणि चार दिवस सलाईनवर होत्या. उमेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पुण्याहून येऊन माजघरात एसी बसवून दिला. महिन्याचं बिल आलं तेव्हा मामाजींनी ते तीनदा वाचलं आणि एसीचा स्विच बंद केला. लोकांच्या दारात उभं राहून एकतीस वर्षं त्यांनी बिलावरची कुरकुर ऐकली होती, तसं बिल स्वतःच्या दारात यावं हे त्यांना सोसेना. आत्याबाईंनी एसीवर धूळ बसू नये म्हणून लोकरीचं विणलेलं झाकण घातलं. अकोल्यात, उन्हाळ्यात, एसीच्या अंगात स्वेटर.

यंदा मात्र उमेशने ठरवूनच टाकलं. आमच्या घरात दोन खोल्या रिकाम्या होत्या. आईबाबांना कायमचं पुण्याला आणायचं, आणि ते काम माझ्यावर सोपवलं, कारण त्याने तोंड उघडलं की बापलेकांचं वाजायचं. मी ओवीला घेऊन आले, दोन दिवस गोडीगुलाबीने विषय काढला. मामाजींचं उत्तर एकच.

"घर कायनं तापते? पश्चिमेच्या तीन खिडक्यायनं. मंग खिडकी झाकाची, का मानूस हलवाचा?"

"आणि परत आत्याबाईंना ऊन लागलं तर?"

मामाजी चष्मा पुसायला लागले. त्यांना त्या चार दिवसांची भीती होती, ती मला दिसत होती. पण हे घर त्यांनी सायकलच्या कॅरिअरवर विटा आणून बांधलं होतं. शेवटी मीच म्हणाले, "मग मोजूनच बघू. आठ दिवसांनी अक्षय्य तृतीया आहे, तुमची आखजी. आखजीच्या दिवशी दुपारी तीन वाजता माजघरात चौतीस किंवा त्याच्या आत आलं, एसी न लावता, तर मी पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाही. उमेशलाही काढू देणार नाही."

"अन् चौतीसच्या वर गेलं तर?"

"तर सामान बांधायचं."

'मोजून' म्हटल्यावर मामाजी कसले मागे हटतात. शाळेची शंभरपानी वही आली, तिच्यात अटी लिहिल्या गेल्या, खाली दोघांच्या सह्या झाल्या. त्या दिवशी तीन वाजता कूलर चालू असून माजघरात एकोणचाळीस होते. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून आमच्या सह्या बघत होत्या. "मह्या सहीचं काही काम नाही ना?" त्यांनी विचारलं.

"तुले काय करायचं हाये? तू आपली थंड हवेत झोपजो," मामाजी म्हणाले.

"हाव," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मखमल दुसऱ्याच दिवशी हरली. एका खिडकीला मखमल, दुसरीला जुनी सतरंजी, तिसरीच्या काचांना आतून चांदीसारखा कागद, असा तीन पद्धतींचा प्रयोग होता. मामाजी तासातासाला प्रत्येक खिडकीशी थर्मामीटर धरून वहीत आकडे लिहीत. दुपारी तीनला अडतीस. मामाजींनी मखमलीमागे हात घालून काचेला लावला आणि चटका बसून झटकन मागे घेतला.

"इथं चुकलं पाय," ते मला म्हणाले. मी त्यांची विरोधक आहे हे ते केव्हाच विसरले होते. "ऊन काचेतून आत आलं, मंग आपन त्याले पडदा लावला. चोराले घरात घेऊन कडी लावल्यासारखं झालं. त्याले बाहेरच अडवाव लागते."

म्हणून चौथ्या दिवशी बुरूडआळीतले सुकदेवभाऊ आले, बांबूच्या कामट्यांचे तीन मोठे पडदे सायकलला आडवे बांधून. तिकडे त्यांना चिक म्हणतात. मामाजींनी त्या बाहेरून, भिंतीपासून वीतभर पुढे लावून घेतल्या, कारण मध्ये हवा खेळली पाहिजे. चौसष्टाव्या वर्षी ते स्वतः शिडीवर चढले. खाली मी शिडी धरून, आणि ओवी ओसरीवर आत्याबाईंच्या मांडीत.

त्या आठ दिवसांत ओवी माझ्याकडे फक्त झोपायला यायची. आत्याबाई तिला तेल लावत, न्हाऊ घालत, तिच्याशी तासन्‌तास बोलत. मध्येच मला काहीबाही विचारत. "तुमच्या घराजोळ भाजी कुठं भेटते?" "गॅलरीत तुयस जगते का, ऊन येते ना थोडं?" "पाळनाघरातली बाई जातीनं जेवू घालते का पोरीले, का देली वाटी समोर?" मी उत्तरं देत होते. मला वाटलं, बायका विचारतात तसंच विचारतायत.

चिका बसल्या आणि माजघरात जो काळोख पसरला तो बघूनच गार वाटलं. हिरवट, झाडाखाली असतो तसा. मामाजी शिडीवरून उतरले ते थेट थर्मामीटरसमोर जाऊन बसले. तीन वाजता सदतीस.

"असं कसं?" ते म्हणाले. "काच थंड हाये. भिंत थंड हाये. मंग हे सदतीस आलं कुठून?"

सुकदेवभाऊ मागच्या अंगणात हातपाय धूत होते. मी त्यांना चहा द्यायला गेले, तेव्हा ते भिंतीकडे बघत म्हणाले, "ताई, मागची खिडकी काहून बंद? कूलरची हवा आत येते तर बाहेर जायले वाट नको? नाहीतर घर नुसतं कोंडते, घामानं चिपचिप होते."

आम्हा सातारकरांना कूलर माहीत नाही. पण बोलणं पटलं. मी आत जाऊन मागच्या खोलीतली ती छोटी खिडकी उघडायला हात घातला, तर आत्याबाई मागे उभ्या.

"राहू दे वो. धूय येते मागून. पोरगी खोकलते."

मी हात मागे घेतला. मामाजींनाही काही सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मला ते हरायलाच हवे होते, आणि आयती बंद खिडकी उघडायला मी कोण? तेव्हा मला स्वतःची थोडी लाज वाटली, पण तेवढीच.

पुढचे तीन दिवस आठवले की मला अजून गलबलून येतं. मामाजींनी वाळा आणला. ते सुगंधी गवत चिकांच्या आतल्या बाजूला बांधून त्यांनी ताट्या केल्या, आणि दर अर्ध्या तासाने शिडीवर चढून त्यांच्यावर तांब्याने पाणी सोडायचे. नळाला दर चौथ्या दिवशी पाणी यायचं, म्हणून मामाजी स्वतःच्या अंघोळीचं पाणी वाचवायचे. घरात वाळ्याचा वास दरवळला, वारा ओला झाला, आणि थर्मामीटर छत्तीस-सदतीसच्या खाली हलेना. ते वही उघडून बसत, आकड्यांवरून बोट फिरवत. एकदा मला म्हणाले, "केतकी, माह्या आकड्यायले कोनी तरी खाते."

"तुम्ही दमलात मामाजी. अर्धा तास पडा."

"मी पडलो अन् तुमची आत्याबाई पडली, त्याच्यात फरक हाये. ती पडली तवा मी दवाखान्याच्या वऱ्हांड्यात चार दिवस बसलो होतो. मीटर वाचता येते मले, पन त्या बाटलीतलं पानी किती उतरलं याच्यावरून मानूस किती उरला हे नाही वाचता आलं." मग वही मिटून म्हणाले, "घर थंड झालंच पाह्यजे."

त्या रात्री मी उमेशला फोन केला आणि म्हटलं की यांना इथेच राहू द्यावं का. तो म्हणाला, "तुला ऊन लागलंय. आईला त्या भट्टीत ठेवणार नाही मी." तोही चूक नव्हता. आत्याबाई दिवसभर पदराने मान पुसत होत्या, दोनदा पन्हं घेऊनही डोकं धरून बसल्या होत्या.

आखजीच्या दिवशी सकाळपासून पूर्वजांच्या नावाने घागर भरणं, पुरणपोळी, आमरस चाललं होतं. जेवणं आटोपली, आत्याबाई ओवीला घेऊन माजघरात आडव्या झाल्या. मी भांडी आवरली आणि मनाशी ठरवलं. लबाडीने जिंकलेली पैज मला नको होती. हरतील तर हरतील, पण खिडकी उघडी ठेवून हरतील. मी पाय न वाजवता मागच्या खोलीत गेले.

मामाजी आधीच तिथे होते. खिडकी सताड उघडी होती आणि त्यांच्या हातात एक हिरवं फडकं होतं. आत्याबाईंच्या जुन्या लुगड्याचं, काठ मला ओळखता आला. खिडकीच्या वर भिंतीत हवेसाठी ठेवलेली दोन भोकं होती. फडकं इतके दिवस त्यांत कोंबलेलं असणार.

"धूळ येते म्हणून लावलं असेल," मी म्हटलं. माझं मलाच ते खरं वाटलं नाही.

मामाजी हसले. "पोरी, मी एकतीस वर्षं मीटर पाह्यले. तार टाकनारे, चुंबक लावनारे, सील तोडून परत चिकटवनारे. मीटरले कोनी हात लावला का नाही, हे मले दारातून समजत होतं. अन् मह्याच घरात आठ दिवस नाही समजलं." त्यांनी फडकं उलटंसुलटं करून बघितलं. "पस्तीस उन्हाये हिनं कूलर लावला. बटन दाबाच्या आधी ही खिडकी उघडायची, येका दिवसाचीही चूक नाही. ती इसरली असं म्हनू नको मले."

"मग का केलं त्यांनी?"

"पुन्याले जायचं हाये तिले."

"त्या तर एकदाही तसं म्हणाल्या नाहीत."

"म्हनता आलं असतं तर फडकं कायले कोंबलं असतं?"

ते खिडकीच्या कठड्यावर टेकले. मी उभीच होते. कूलरची हवा आता आमच्या अंगावरून बाहेर जात होती, अंगावरचा घाम वाळत होता.

"हे पाय," ते म्हणाले, "तिनं मले कधी काही मागतलं नाही. लुगडं नाही, दागिना नाही, तीर्थाले न्या म्हनून नाही. मले वाटे, हिले काही लागतच नाही. मी लोकायले सांगत होतो, मही बायको समाधानी हाये." त्यांनी फडक्याची नीट घडी केली. "अन् इथं आठ दिवस घामानं भिजून राह्यली, डोकं धरून राह्यली, पन वाट उघडली नाही. मानूस इतकं कवा सहन करते? नातीसाठी."

"मी बोलते त्यांच्याशी. सरळ विचारते."

"खबरदार. इचारलं तर नाही म्हनीन. मह्या घरासाठी नाही म्हनीन, अन् मंग परत कवाच मागनार नाही."

तीनला दहा मिनिटं कमी होती. ते म्हणाले, "चाल. खरं किती येते ते तर पाहू. बाहेर लावलेल्या पडद्यानं घर थंड होते, हे मले माहीत करून घ्यायचंच हाये."

माजघरात अंधार होता आणि खरोखरच गारवा होता. आत्याबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या, ओवी त्यांच्या पोटाशी. मामाजी थर्मामीटरसमोर उभे राहिले. चष्मा कपाळावर ढकलून, नाक पट्टीला लागेल इतकं जवळ जाऊन त्यांनी बघितलं. मग मला बोटाने बोलावलं. तेहेतीस. लाल रेघ तेहेतीसच्याही जराशी खालीच होती.

त्यांचा तो चेहरा मी विसरणार नाही. शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलासारखा. बाहेर त्या वेळी चव्वेचाळीस-पंचेचाळीस असेल. एसीला हात न लावता, तीन चिका आणि गवताच्या जोरावर त्यांनी ते घर जिंकलं होतं. वहीतल्या अटीप्रमाणे ते आता मरेपर्यंत तिथे राहू शकत होते, आणि आम्ही कोणी ब्र काढू शकलो नसतो.

मामाजी चवड्यांवर चालत मागच्या खोलीत गेले. मी पाठोपाठ गेले. त्यांनी खिडकी लावली, कडी घातली, फडक्याची घडी मोडली आणि ते पुन्हा होतं तसं दोन्ही भोकांत कोंबलं. काठ बाहेर होता तसाच बाहेर ठेवला. मग परत आले, वही उघडली, तारीख घातली, वेळ घातली आणि लिहिलं, सदतीस.

मी त्यांचा हात धरला. "मामाजी, तेहेतीस होतं."

"तुले उजेडात वाचायची सवय हाये," ते कुजबुजले. "सदतीस हाये."

"मामाजी."

"मह्यं रीडिंग आजवर चुकलं का?" त्यांनी विचारलं. त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसतही होते. मला दोन्ही एकदम सोसेना. मी पेन घेतलं आणि त्यांच्या आकड्याखाली सही केली. एकतीस वर्षांत ज्या माणसाने कुत्रा चावला तरी अंदाजे लिहिलं नाही, त्याच्या पहिल्या खोट्या आकड्याला साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

मग ते मोठ्याने खाकरले. "सदतीस! हरलो बाप्पा. बांधा सामान."

आत्याबाई उठून बसल्या. पदर सावरला. "हरले?" त्यांनी विचारलं.

"हरलो. साताऱ्याच्या पोरीनं वऱ्हाडच्या मानसाले हरवलं. लिहून ठेवलं हाये."

"तुमाले सांगत होती मी, खिडक्यायच्या मांगं लागू नका म्हनून," त्या म्हणाल्या. तसं त्या एकदाही म्हणाल्या नव्हत्या. मग ओवीला उचलून स्वयंपाकघरात गेल्या, आणि थोड्या वेळाने भांडी खाली काढल्याचे आवाज यायला लागले. कोणती न्यायची, कोणती ठेवायची, हे त्यांचं बहुतेक आधीच ठरलेलं असावं, कारण तासाभरात दोन पोती भरून तयार होती.

पुण्याला येताना मामाजींनी भांड्याकुंड्यांत लक्ष घातलं नाही, पण चिका सोडल्या नाहीत. तिन्ही गुंडाळून, सुतळीने बांधून गाडीत बर्थखाली आडव्या सरकवल्या. टीसीने विचारलं हे काय, तर त्याला बसवून, ऊन काचेच्या बाहेरच का अडवावं लागतं ते दोन स्टेशनं जाईपर्यंत समजावलं. आमच्या गॅलरीला त्यांनी त्या स्वतः लावल्या. पुढच्या तीन उन्हाळ्यांत सोसायटीतल्या अकरा घरांनी तशाच लावल्या, आणि प्रत्येक घरी मामाजी थर्मामीटर घेऊन जातीने जाऊन आले. लोक त्यांना विजेची बिलं आणून दाखवायचे, मुलांची प्रगतिपुस्तकं दाखवावीत तशी.

ते सुखात होते का? पहिलं वर्ष नव्हते. संध्याकाळी फाटकापर्यंत जाऊन परत यायचे, कुणाशी बोलावं ते सुचायचं नाही. अकोल्याचं घर भाड्याने गेलं त्या दिवशी जेवले नाहीत. पण आत्याबाई ओवीला शाळेत सोडून घरी आल्या, की ते त्यांच्याकडे बघत राहायचे. बघून झालं की पेपर उघडायचे. मला त्या बघण्याचा अर्थ माहीत होता, आणि तो मी कुणाला सांगितला नाही. उमेशलासुद्धा नाही.

नऊ वर्षं ते आमच्यात होते. झोपेत गेले, कुणाला त्रास न देता.

त्यानंतर वर्षभराने मी आत्याबाईंना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले होते. डोळ्यांत औषध घालून बाहेर बाकावर बसवलं होतं त्यांना, अर्धा तास डोळे मिटून बसायचं. शेजारी मी. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच असेल कदाचित, मला वाटलं आता सांगावं. ही त्यांची ठेव आहे, माझ्याकडे किती दिवस ठेवू?

"आत्याबाई, एक सांगू? त्या आखजीला माजघरात सदतीस नव्हते. तेहेतीस होते. मामाजींनी खोटं लिहिलं."

 डोळे मिटलेलेच ठेवून, हाताने चाचपून त्यांनी माझा हात धरला.

"मले माहीत हाये," त्या म्हणाल्या.

"कसं? तुम्ही तर झोपला होता."

"कुठची झोप. खिडकी उघडली तशी हवा फिरली, मले लगेच समजलं. पस्तीस वर्षं त्या घरात झोपली मी. इतकं थंड झालं होतं का, मी पदर काढून पोरीच्या अंगावर टाकला."

"म्हणजे ते सदतीस म्हणाले तेव्हा तुम्हाला कळलं होतं?"

"हाव."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

समोरून नर्सने कुणाचा तरी नंबर पुकारला. आमचा नव्हता.

"कायले बोलू?" आत्याबाई म्हणाल्या. "एकतीस वर्षं त्यायनं कोनासाठी खोटा आकडा लिहला नाही. येक मह्यासाठी लिहला. तो मी खोडू?"